बिननंबरची गाडी

आमच्या घरमालकीणकाकू स्वयंपाकघरातसुद्धा वळताना मागे पाहायच्या. ओट्यावरून ताट उचललं, आता देवघराकडे जायचं, तर आधी उजव्या खांद्यावरून एक नजर मागे, मग डाव्या खांद्यावरून, आणि मग वळायचं. मागे असायचं काय, तर पिठाचा डबा आणि मांजर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकूंची मान धरली आहे. विचारलं तर म्हणाल्या, "सवय करून राहिली. रस्त्यावर ऐन वक्ती आठवत नाही ना मंग."

रस्त्यावर चालवायला तेव्हा त्यांच्याकडे काही नव्हतं. गाडी नंतर आली, सवय आधी आली. काकूंचं सगळं असंच असायचं.

मी वर्ध्याहून गोंदियाला एका मुलींच्या शाळेत नोकरीला आले होते आणि काकूंच्या मागच्या अंगणातली खोली भाड्याने घेतली होती. काका मी यायच्या आधीच वारलेले. एकुलता मुलगा नागपूरला इंजिनिअर. काकू साठीच्या, ठेंगण्या, डोळ्यांना जाड चष्मा. आयुष्यभर त्यांनी घर सांभाळलं आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसल्या. एका बाजूला पाय सोडून, एका हाताने सीटची मूठ धरून, मांडीवर पिशवी. काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हे तुझं काम नाही." स्कूटरला हात लावला की हे वाक्य. टीव्हीचा रिमोट घेतला की हेच. मिक्सर नवीन आला तेव्हाही, पण तिथे ते वाक्य फार टिकलं नाही, कारण चटणी काकूंनाच वाटायची होती. हे सगळं काकू हसत सांगायच्या, आणि मीही हसायचे.

स्कूटर शिकायची इच्छा त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून होती. "मले कुठं जायचं नव्हतं," त्या एकदा म्हणाल्या. "फक्त पाहाचं होतं, मले येते का नाही." या एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईला साठी गाठावी लागली.

बाजारातल्या एका सायकलच्या दुकानदाराने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या ठेवायला सुरुवात केली, ती गोष्ट दोन हजार आठच्या आसपासची. काकू मला घेऊन गेल्या. दुकानदाराने फडक्याने सीट पुसून सांगितलं, "काकीजी, ना लायसन लगता, ना नंबर, ना पासिंग, ना पेट्रोल. पच्चीस के ऊपर भागती ही नहीं. सरकार इसको गाडी मानतीच नहीं."

"मंग नियम कोणता?" काकूंनी विचारलं.

"नियमच नहीं है काकीजी! बस बैठो और चलो."

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. काकूंचं तोंड उतरलं. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "आपल्यासाठी कायदा नाही म्हणते तो. तं आपलाच कायदा आपल्याले करावा लागन." आणि काकूंनी खरोखर कायदा केला.

पहिलं कलम हेल्मेट. त्या काळी गोंदियात हेल्मेट घालणारा माणूस एक तर नागपूरहून आलेला असायचा, नाहीतर पोलिसांना घाबरणारा. काकूंनी गाडीच्या आधी हेल्मेट आणलं आणि डोक्याला सवय व्हावी म्हणून ते घरात घालून बसू लागल्या. हेल्मेट घालून त्या तांदूळ निवडत होत्या आणि दूधवाला फाटकातूनच परत गेला, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मग गाडी आली, आणि परीक्षा. लायसन लागत नाही हे त्यांना पटलंच नव्हतं. "तुझ्याजवळ लायसन आहे ना? मंग तूच माझी साहेब," असं म्हणून त्यांनी मला परीक्षक नेमलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक राइस मिल होती. मिलच्या अंगणात उकडलेलं धान वाळत घातलेलं असायचं, पण एका बाजूची फरशी रिकामी होती. तिथे काकूंनी विटा मांडल्या. विटांमधून गाडीचा आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही. धान खालीवर करणाऱ्या बाया दांडे टेकून बघत उभ्या राहिल्या. काकूंनी सुरेख आठ काढला, फक्त शेवटच्या विटेपाशी जरासा तोल गेला आणि चप्पल फरशीला लागली. मी टाळ्या वाजवून म्हटलं, "पास!"

"पाय टेकला," काकू म्हणाल्या. "नापास."

"अहो काकू, एवढंसं तर चालतं."

"तू साहेब आहेस का माझी भाची आहेस?"

पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा झाली आणि पुन्हा त्यांनी स्वतःला नापास केलं. त्याही पुढच्या रविवारी त्या पास झाल्या, तेव्हा मिलमधल्या बायांनी मूठभर धान त्यांच्या हेल्मेटवर टाकलं. काकू लाजल्या. त्यांना लाजताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

रस्त्यावर आल्या आणि गंमत सुरू झाली. काकू वळण्याआधी हात दाखवायच्या. पुस्तकात जसा सांगितला आहे तसा, पूर्ण, सरळ, तळवा पुढे करून. आमच्याकडे असा हात कोण दाखवतं? हात लांब केला म्हणजे एक तर राम राम, नाहीतर थांब. पहिल्याच दिवशी मागून येणारा ऑटोवाला त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. "हां काकी, कहां जाना है?"

"मले उजवीकडे जाचं आहे."

"तो बैठो."

"अरे बाबा, मी बसलीच आहे ना!"

दुसरं म्हणजे गाडीवर बोलायचं नाही हा नियम. कुणी ओळखीचं भेटलं आणि "काकू, कुठं जाऊन राहिल्या?" असं म्हटलं, की काकू आधी मागे पाहायच्या, हात दाखवायच्या, गाडी कडेला घ्यायच्या, स्टँडवर लावायच्या, हेल्मेट काढायच्या आणि मग सांगायच्या, "भाजी आणाले." गोंदियात ओळखीची माणसं पावलोपावली. भाजी आणायला गेलेल्या काकू दुपार टळली तरी येत नसत. मी एकदा वैतागून म्हटलं, नुसती मान हलवा ना. तर म्हणाल्या, मान हलवली की डोळे हलतात.

भारनियमनाचं आणखी वेगळंच. दिवसातून कितीदा तरी वीज जायची आणि काकूंचा सगळा प्रवास विजेच्या येण्याजाण्यावर बेतलेला असायचा. वीज आली की चपला न घालता धावत जाऊन त्या गाडीची पिन लावायच्या. "तिरोड्याले एवढा मोठा वीज कारखाना बांधून राहिले म्हणे," त्या कुरकुरायच्या, "अन् माझी गाडी उपाशी." बॅटरी कमी असली की रेल्वेच्या उड्डाणपुलाचा चढ गाडी चढायची नाही. मग काकू उतरून तिच्या शेजारून चालायच्या, तिला बोलत, माहेरी निघालेल्या पोरीशी बोलावं तशा.

पण खरी अडचण होती ती आवाजाची. या गाडीला आवाजच नव्हता. आपल्याकडे रस्त्यावर चालणारा माणूस डोळ्याने चालत नाही, कानाने चालतो. मागून फटफट ऐकू आली तर सरकायचं, नाही आली तर रस्ता आपला. काकू मागून अलगद यायच्या आणि बाया किंचाळायच्या. "भुतासारखी येऊन राहिली म्हणते मले," काकू खट्टू होऊन म्हणाल्या. हॉर्न होता, पण तो मेल्याहून मेलेला. शिवाय गोंदियात हॉर्नला कोण भीक घालतं?

त्यावर काकूंनी जो तोडगा काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. त्यांचं माहेर अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातलं. भावाकडे जाऊन त्यांनी बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आणली आणि हँडलला सुतळीने बांधली. गाडी चालली की घंटा आपोआप वाजायची. माणूस मोटारीला हटत नाही, पण मागून बैल आला की न बघताच कडेला होतो, ही आमच्या भागातल्या माणसाच्या अंगातली गोष्ट. सगळा बाजार दुभंगून काकूंना वाट द्यायचा. मग लोक वळून पाहायचे, तर काळं हेल्मेट, जाड चष्मा आणि सुती पातळ. हसायचे, पण आधी बाजूला व्हायचे. काकूंना तेवढंच हवं होतं. ती दोन-अडीच वर्षं काकू जितक्या आनंदात होत्या तितकी आनंदी बाई मी नंतर फारशी पाहिली नाही. संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी घंटा वाजली की मीही उगीच खोलीबाहेर येऊन उभी राहायचे.

मग एका दिवाळीला मुलगा आला. वाईट मुलगा नव्हता. आईची गाडी पाहून त्याला कौतुकच वाटलं, फक्त घंटा ऐकून तो कानकोंडा झाला. "आई, पोळ्याचा बैल वाटून राहिली तू. लोक हसतात गं." त्याने बाजारातून चांगला खणखणीत हॉर्न आणला, स्वतः बसवला आणि घंटा सोडवून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. काकू मला नंतर म्हणाल्या, "त्यानं पहिल्यांदा माझ्या गाडीले हात लावला. नाही कशी म्हणू?"

नवा हॉर्न त्यांना आवडला नाही. कुणाच्या कानात ओरडल्यासारखं वाटतं, म्हणायच्या. म्हणून त्या तो वाजवायच्या, पण चोरून, अगदी हलका.

दिवाळीनंतर आमच्याकडे शिंगाड्यांचा हंगाम असतो. तलावांवरून बाया टोपल्या भरून शिंगाडे आणतात आणि रस्त्याच्या कडेला बसतात. अशीच एक आजी आमच्या बाजाराच्या वळणावर बसायची. त्या दिवशी ती टोपली डोक्यावर घेऊन उठली, न बघता रस्त्यावर उतरली आणि काकूंची गाडी तिला लागली. वेग काहीच नव्हता. पण आजी हातावर पडली आणि मनगट मोडलं.

बातमी कळून मी शाळेतून बाजारात पोचले तेव्हा रस्ताभर शिंगाडे सांडलेले होते आणि दोघींचा पत्ता नव्हता. लोकांनी सांगितलं, काकूंनी आजीला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मी तिथे गेले, तर प्लास्टर घालून झालेलं. आजी बाकावर बसून चहा पीत होती आणि काकू तिच्यासमोर उभ्या होत्या, हेल्मेट अजून डोक्यावर. मला पाहून म्हणाल्या, "चाल, आता पोलिसाकडे."

"कशाला?"

"चालान फाडाले."

मी समजावलं. आजीनेही समजावलं. शेवटी आम्ही तिघी चौकीत गेलो. तिथला हवालदार पोक्त होता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

"काकी, गाडीले नंबर आहे का?"

"नाही. लागत नाही."

"लायसन?"

"तेही लागत नाही."

"मंग चालान कायचा फाडू मी? कोण्या गाडीचा? कोण्या नंबरचा?" मग तो आजीकडे वळला. "आजी, तुमची काई तक्रार आहे का?"

"माही काई तक्रार नाई बाप्पा," आजी म्हणाली. "मीच न पाहता उतरली. मले लवकर सोडा, माहे शिंगाडे कोणी उचलून नेईन."

हवालदाराने हात जोडले. "झालं तं मंग. घरी जा काकी."

काकू हलल्या नाहीत. "असं कसं? माझ्या हातून माणूस मोडलं. मले काहीतरी सजा द्या."

"अहो सजाच नाई याले! सरकारच्या हिशेबानं तुमची गाडी म्हणजे सायकल. सायकलवाल्याले कोणी सजा करते का?"

"मंग मी सुटू कशी?" काकू म्हणाल्या.

त्याने आमच्यासाठी चहा मागवला. मला तेव्हा हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. दंड भरायला आसुसलेली बाई आणि दंड घ्यायला तयार नसलेला पोलीस! आता वाटतं, त्या भल्या माणसाने खोटी का होईना एक पावती फाडून द्यायला हवी होती. पैसे भरून, मान खाली घालून काकू घरी आल्या असत्या, दोन दिवस जेवल्या नसत्या आणि तिसऱ्या दिवशी गाडीला पिन लावली असती. शिक्षा मिळाली की माणूस तिच्यातून बाहेर येतो. काकूंना बाहेर यायला दारच मिळालं नाही.

मग त्यांनी स्वतःच शिक्षा सुनावली. आपला कायदा आपणच केला होता, तेव्हा न्यायही आपणच करायचा. परीक्षेत त्यांनी स्वतःला किती सहज नापास केलं होतं ते मी पाहिलं होतं, त्यामुळे मला धास्ती वाटत होती. गाडी घरी आली, अंगणात भिंतीशी लागली आणि तिच्यावर जुनी चादर पडली.

काकू रोज आजीच्या घरी जायच्या, चालत किंवा ऑटोने. तिचं पाणी भरायच्या, वेणी घालायच्या. मुलाला फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं की गाडीचा कंटाळा आला. घंटेचं नाव काढलं नाही, मलाही काढू दिलं नाही. "त्याच्या डोक्यावर हे ओझं कायले ठेवू?" एवढंच म्हणाल्या.

प्लास्टर निघालं तसं आजी स्वतः चालत आमच्या घरी आली. हात वरखाली करून दाखवला. मग चादर बाजूला सारून सीटवर थाप मारली आणि म्हणाली, "चाल बाई. मले मांगं बसव अन् बजारात सोडून दे. मी तं बसून पाहीन एकदा, कशी असते ते."

माफी याहून मोठी काय असते? मी काकूंकडे पाहत होते. काकू गाडीजवळ गेल्या. हँडलला हात लावला. आता बसतील असं मला खरंच वाटलं. त्यांनी हात काढून घेतला आणि मला म्हणाल्या, "जा, चौकातून ऑटो आण." आजी ऑटोत बसून गेली. जाताना ती माझ्यावरच रागावली होती. "हिले कोणी समजावून सांगत नाई का वो? मी तं बरी झाली. हे काऊन अशी करून राहिली?"

बॅटरीची गाडी चालवली नाही तरी अधूनमधून चार्ज करावी लागते, नाहीतर बॅटरी मरते. काकूंना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पिन भिंतीवर लटकत राहिली. मी एकदोनदा न विचारता लावली, त्यांनी न बोलता काढली. पावसाळ्याच्या सुमारास ती गाडी संपली.

पुढे माझी बदली अर्जुनी मोरगावला झाली. सुट्टीत गोंदियाला आले की मी काकूंकडे जायचे. एव्हाना माझ्याकडे स्वतःची स्कूटी होती. एकदा देवीला जायचं म्हणून त्यांना घेऊन निघाले. त्या मागे बसल्या, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. मला ते बघवेना. राइस मिलपाशी मी गाडी थांबवली आणि उतरले. म्हटलं, "काकू, मैदान रिकामं आहे. एक चक्कर मारा. कुणी नाही इथे."

त्या उतरल्या नाहीत. मिलच्या अंगणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाल्या, "हे म्हणत होते ना गं, हे तुझं काम नाही म्हणून. त्याईचंच खरं निघालं."

मला एवढंच कळलं की मोडलेल्या मनगटापेक्षा मोठी गोष्ट या बाईच्या आत मोडली आहे, आणि जन्मभर चाललेला एक वाद ती मेलेल्या माणसाशी हरली आहे. मी गाडी सुरू केली. आम्ही देवीला जाऊन आलो.

दोन-तीन वर्षांनी काकू गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा मुलगा घर आवरत होता. अंगणातली गाडी त्याने भंगारात द्यायला बाहेर काढली होती. चाकं बसलेली, आरशाला जाळी लागलेली. आम्ही दोघं पायरीवर बसून चहा पीत होतो. गाडीकडे बघून तो म्हणाला, "आईनं एवढंसं काय मनाला लावून घेतलं, कळत नाही. नंतर शेजाऱ्यांकडून समजलं मला. बाबांनी तर आमगाव रोडवर एका सायकलवाल्याचा पाय मोडला होता. मी लहान होतो, पुढे उभा होतो स्कूटरवर."

मी कप खाली ठेवला. "मागे कोण होतं?"

"आईच. दुसरं कोण असणार? तिनंच पदर फाडून त्याच्या पायाला बांधला."

"मग काकांनी स्कूटर सोडली नाही?"

तो हसला. "सोडतात कुठे! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच स्कूटरवर ऑफिसला गेले. आईला म्हणाले, रस्ता खराब होता."